अंतराचा हिशेब (भाग 6) : बोरिवली ते मुलुंड, व्हाया दादर

गेल्या आठवड्यात मुंबई–नागपूर पाहिले. इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला आणि समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. लांबी 701 किलोमीटर. दोन टोकांमधले हवाई अंतर साधारण 645. इतका डोंगराळ मुलूख ओलांडूनही वळसा शंभर किलोमीटरमागे जेमतेम नऊ किलोमीटरचा.

हेच माप आता मुंबईच्या उपनगरांना लावू. नकाशावर बोरिवली आणि मुलुंड स्थानकांवर पट्टी ठेवली तर अंतर भरते 12 किलोमीटर. पट्टीच्या एका बाजूला कान्हेरीची लेणी येतात, दुसऱ्या बाजूला तुळशी तलाव. मध्ये शंभर चौरस किलोमीटरहून मोठे राष्ट्रीय उद्यान. त्यातून वाहनांचा रस्ता जात नाही आणि जाऊही नये. बिबट्यांचे हे रान मुंबईने जपलेच पाहिजे.

मग जायचे कसे? लोकलने बोरिवली ते दादर 24 किलोमीटर, गाडी बदलून दादर ते मुलुंड 22. बारा किलोमीटरसाठी 46, म्हणजे जवळजवळ चौपट! फास्ट गाड्या मिळाल्या तरी दादरचा पूल धरून दीड तास हाताशी ठेवूनच निघावे लागते. तेवढ्या वेळात मुंबईचे विमान नागपूरला उतरते. रस्त्याने जायचे तर उत्तरेकडून घोडबंदर, दक्षिणेकडून जोगेश्वरी–विक्रोळी लिंक रोड. दोन्हीकडून साधारण 30 किलोमीटर, आणि पवईला वाहतूक तुंबली की किती वेळ लागेल ते कुणीच सांगू नये.

याचे मूळ जुने आहे. 1853 मध्ये बोरीबंदर–ठाणे गाडी सुरू झाली, 1867 मध्ये विरारहून पश्चिमेची लोकल. दोन्ही मार्ग डोंगराच्या दोन अंगांनी दक्षिणेकडे गेले, कारण कचेऱ्या आणि गोदी तिकडे होत्या. वेस्टर्नच्या माणसाला सेंट्रलला कामावर जावे लागेल, हा विचार त्या आखणीत नव्हताच.

आडव्या प्रवासाला खरा आधार दिला तो 8 जून 2014 रोजी सुरू झालेल्या वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रोने. 11.4 किलोमीटर, 21 मिनिटे. साकीनाका, असल्फ्याच्या कोंडीवरून ती निघून जाते, आणि अंधेरी ते घाटकोपर तिचा मार्ग सरळ रेषेपेक्षा फारसा लांब नाही. बोरिवलीकरालाही अंधेरी–घाटकोपरमार्गे मुलुंड 32 किलोमीटरवर आले. गाडी मात्र एकदाच्या जागी दोनदा बदलायची.

आता डोंगराखालून दोन वाटा निघत आहेत. गोरेगाव–मुलुंड जोडरस्ता 12.2 किलोमीटरचा, त्यात 4.7 किलोमीटरचे जुळे बोगदे. ठाणे–बोरिवली मार्ग 11.8 किलोमीटरचा, पैकी सव्वादहा बोगद्यातून. जुलै 2024 मध्ये त्याचे भूमिपूजन झाले. त्याने घोडबंदरचा 12 किलोमीटरचा फेरा वाचेल आणि वेळ तासाभराने कमी होईल, असे सरकार सांगते.

तासभर कुणाचा, हे मला विचारायचे आहे. हे बोगदे रस्त्याचे आहेत, रुळांचे नाहीत. दादरच्या पुलावर रेटारेटी सोसणाऱ्या बहुतेकांकडे मोटार नाही. म्हणून दोन्ही बोगद्यांतून पहिल्या दिवसापासून, दर काही मिनिटांनी, स्टेशन ते स्टेशन बस धावली पाहिजे. त्या बसचे मार्ग आणि थांबे आत्ताच, काम चालू असतानाच, ठरायला हवेत.

(पुढील आठवड्यात : मुंबई–पुणे, घाटातले किलोमीटर)