अतिवृष्टीत जमीन ‘खरडून’ जाते म्हणजे नेमके काय होते?

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, सिंदफणा, मांजरा या नद्यांना पूर आले. पाणी ओसरल्यावर सोलापूर, धाराशिव, बीडमधील अनेक शेतांत पिकाबरोबर मातीही राहिली नव्हती. उघडा पडला होता मुरूम आणि दगडगोटे. पंचनाम्यात अशा शेताची नोंद ‘खरडून गेलेली जमीन’ अशी होते.

सुरुवात पावसाच्या थेंबापासून होते. मोठा टपोरा थेंब ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेगाने जमिनीवर आदळतो. उघड्या रानात त्या माराने ढेकळे फुटतात, बारीक कण उडून मातीची छिद्रे बुजतात. मग पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते.

मराठवाड्यातील काळ्या जमिनीचा स्वभाव यात भर घालतो. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिले पाऊस त्या पिऊन टाकतात. पण पाणी लागले की तिच्यातील चिकणमाती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी मुरण्याचा वेग एकदम घटतो. म्हणून जूनमधला जोरदार पाऊस जी जमीन पचवते, तीच सप्टेंबरमध्ये तेवढ्याच पावसाने वाहू लागते. २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की महसूल विभाग त्याला अतिवृष्टी मानतो; पण तो दिवसभर रिपरिपला की दोन तासांत कोसळला, यावर मातीचे बरेच काही ठरते.

वाहते पाणी आधी वरचा पातळ थर नेते. हे डोळ्यांना दिसतही नाही. पुढे बोटभर रुंदीच्या ओहळी पडतात, त्यांच्या घळी होतात. सर्वात आधी जातात ते बारीक कण आणि सेंद्रिय पदार्थ, म्हणजे नेमका जमिनीचा कस. नदीकाठचा प्रकार वेगळा. तिथे पात्र सोडलेला प्रवाह सबंध थरच उचलतो. अशा वेळी बांधही टिकत नाहीत. उताराच्या शेतात मात्र आडवी पेरणी, रुंद वरंबा-सरी आणि शाबूत बांध यांनी पाण्याचा वेग नक्की मोडतो.

आता भरपाईचे गणित. ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजमध्ये खरडलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतची कामे जाहीर झाली. आकडा मोठा वाटतो. पण एका हेक्टरवर फूटभर माती भरायची तर सुमारे १,०७५ ब्रास लागते, म्हणजे पाच ब्रासच्या हायवाच्या दोनशेहून जास्त खेपा. दोन्ही रकमा पूर्ण मिळाल्या तरी ब्रासमागे सव्वातीनशे रुपयेही पडत नाहीत. त्यातच खोदाई, भराई, वाहतूक आणि सपाटीकरण आले.

तलावातील गाळ हा त्यातला स्वस्त पर्याय. एका अर्थाने ती वरच्या शेतांतून वाहून आलेलीच माती असते. पण गाळ निघतो तो तलाव आटल्यावर, म्हणजे बहुधा एप्रिल-मेमध्ये. तोवर रब्बी हातची गेलेली असते. गाळ पसरला तरी रान लगेच पूर्वीसारखे पिकत नाही. शेणखत घालत आणि ताग, धैंचा गाडत काही हंगाम काढावे लागतात.