मधुमेहाची पाळेमुळे

मधुमेह हा सुखवस्तू माणसांचा रोग, अशी समजूत आपल्या समाजात फार काळ होती. गादीवर बसून व्यापार करणारा शेठ, निवृत्त झालेला अंमलदार, पंगतीत आग्रहाने वाढलेल्या श्रीखंडाला कधी नाही न म्हणणारा स्थूल गृहस्थ, अशी या रोग्याची एक प्रतिमा आपल्या मनात ठसलेली होती. ती प्रतिमा आता पुसून टाकावी लागेल. सडपातळ बांध्याच्या, मिताहारी, कष्टाळू माणसांनाही हा रोग होतो. इतकेच नव्हे, तर युरोपीय माणसाच्या मानाने आपल्या लोकांना तो सुमारे दहा वर्षे आधी गाठतो. असे का व्हावे, या प्रश्नाचा गेल्या काही दशकांत जो शोध घेतला गेला, त्याची हकीकत वाचकांपुढे ठेवावी, असे आम्ही योजिले आहे. त्या शोधातील एक महत्त्वाचा टप्पा पुण्याच्या आसपासच्या खेड्यांत घडला, आणि त्याचा संबंध आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघराशी आहे.

प्रथम रोगाचा विस्तार पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभर केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. वीस वर्षांवरील एक लाख तेरा हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांची तपासणी त्यासाठी झाली होती. तिच्यावरून देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेल्यांची संख्या सुमारे १३ कोटी ६० लाख ठरते. प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आहे. सर्वांत अधिक प्रमाण गोव्यात, म्हणजे २६.४ टक्के, तर सर्वांत कमी उत्तर प्रदेशात, म्हणजे ४.८ टक्के आढळले. एकाच देशात एवढे अंतर का, असा प्रश्न येथे साहजिकच उद्‌भवतो.

असे प्रश्न सोडविणाऱ्या शास्त्राला साथरोगशास्त्र म्हणतात. नाव साथीच्या रोगांवरून पडले असले तरी आज त्याची कक्षा पुष्कळ विस्तारली आहे. वैद्य एका रोग्याची नाडी पाहतो. हे शास्त्र साऱ्या गावाची नाडी पाहते. कोणाला रोग झाला, कोणाला झाला नाही, आणि त्या दोघांच्या राहणीत, आहारात, जन्मात कोणता फरक होता, याची ते मोजदाद करते. १९४८ साली अमेरिकेतील फ्रामिंगहॅम या गावी ५,२०९ स्त्रीपुरुषांची नोंद करून हृदयविकाराचा असा दीर्घ अभ्यास सुरू झाला, आणि धूम्रपान, रक्तदाब, रक्तातील कोलेस्टेरॉल ही धोक्याची लक्षणे म्हणून जगापुढे आली. धोक्याचे लक्षण म्हणजे रोग नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. आकाशात ढग आले म्हणजे पाऊस पडेलच असे नाही. परंतु शहाणा माणूस छत्री घेऊन निघतो.

दोन प्रकारचे मधुमेही

मधुमेहाचे दोन भिन्न प्रकार आहेत, ही जाण आपल्याकडे प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन भेद सांगितले असून पहिल्याचा रोगी कृश, तर दुसऱ्याचा स्थूल असतो, असे वर्णन आहे. आधुनिक वैद्यकातील दोन प्रकार याच्याशी तंतोतंत जुळतात असे नाही. पण निरीक्षण मार्मिक आहे.

पहिल्या प्रकारात शरीराची संरक्षणयंत्रणाच घर फिरल्याप्रमाणे वागते. जंतूंशी लढण्यासाठी असलेल्या पेशी स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींनाच शत्रू समजून नष्ट करतात. हा रोग बहुधा बालवयात वा तारुण्याच्या आरंभी प्रकट होतो, आणि इन्सुलिनच्या टोचणीवाचून रोगी जगू शकत नाही. त्याचे सर्वाधिक प्रमाण फिनलंडमध्ये आहे. परंतु सीमेपलीकडे, रशियाच्या ताब्यातील कारेलियात, वंशाने पुष्कळशा सारख्या असलेल्या मुलांत ते सुमारे एक-षष्ठांशच आढळले. म्हणजे केवळ रक्तातील वारसा पुरेसा नाही. परिस्थितीचाही त्यात वाटा आहे. तो वाटा नेमका कोणता, याबद्दल शास्त्रज्ञांचे अद्याप एकमत नाही. पण एक गोष्ट निश्चित आहे. मुलाने गोड खाल्ले म्हणून हा रोग होत नाही. अशा मुलाच्या आईला बोल लावणे, किंवा अशा मुलीची सोयरीक जुळविताना रोग लपवून ठेवणे, हे दोन्ही अन्यायाचे आहे. १९२२ सालापासून इन्सुलिन उपलब्ध आहे. ते वेळेवर आणि बिनचूक मिळाले तर अशी मुले शिकतात, संसार करतात, दीर्घायुषी होतात.

दुसरा प्रकार मोठ्या वयाचा. आपल्याकडील बहुसंख्य मधुमेही याच प्रकारचे. यात इन्सुलिन असते, पण शरीर त्याला दाद देत नाही. आणि ती दाद मिळविण्यासाठी राबून राबून अखेर स्वादुपिंड थकते. आमचा मुख्य विषय हाच.

एका दाईच्या वह्या

१९६२ साली जेम्स नील या अमेरिकन शास्त्रज्ञाने असा तर्क मांडला की, दुष्काळात तग धरण्यासाठी शरीरात चरबी साठवून ठेवणारा ‘काटकसरी’ वारसा पूर्वजांना उपकारक होता, आणि सुबत्तेच्या काळात तोच अपकारक ठरला. तर्क आकर्षक होता. पण इंग्लंडमधील एका जुन्या दप्तराने विचाराला निराळी दिशा दिली. हर्टफर्डशायर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड या मुख्य आरोग्यसेविकेने १९११ सालापासून प्रत्येक बालकाचे जन्माच्या वेळचे आणि वर्षाच्या अखेरचे वजन वह्यांत नोंदवून ठेवण्याची शिस्त लावली होती. पुढे डेव्हिड बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वह्यांतील बालके वृद्धपणी हुडकून काढली. जन्मतः ज्यांचे वजन कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि मधुमेह अधिक, असे त्यांना आढळले. १९९२ साली निकोलस हेल्स आणि बार्कर यांनी सिद्धान्त मांडला तो असा : उपाशी गर्भ काटकसर करतो. मेंदूसाठी अन्न राखून ठेवण्यासाठी तो स्वादुपिंड आणि स्नायू यांना उणे ठेवतो. आयुष्यभर अन्न कमीच मिळाले तर ही तडजोड निभते. पण पुढे सुबत्ता आली की ते उणे शरीर तिचा भार सोसू शकत नाही.

याला हॉलंडमधून दुजोरा मिळाला. १९४४–४५ च्या हिवाळ्यात जर्मनांच्या वेढ्यामुळे तेथील पश्चिम भागात भीषण अन्नटंचाई झाली. ॲमस्टरडॅममध्ये माणशी शिधा दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेला. त्या काळात आईच्या उदरात असलेल्या मुलांची साखर पचविण्याची शक्ती पन्नाशीत इतरांपेक्षा कमी असल्याचे १९९८ साली प्रसिद्ध झाले.

पुण्याच्या खेड्यांतील नवल

याच सुमारास पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या मनात एक कोडे घोळत होते. त्यांच्याकडे येणारे मधुमेही पाश्चात्त्य ग्रंथांत वर्णिलेल्या रोग्यांइतके स्थूल नव्हते. १९९३ साली त्यांनी पुण्याजवळील सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा आणि त्यांच्या अपत्यांचा अभ्यास आरंभला. त्या मातांची सरासरी उंची १५२ सेंटिमीटर आणि वजन अवघे ४२ किलो होते. त्यांची बालके सरासरी २.७ किलोंची, तर तुलनेसाठी घेतलेली इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बालके ३.५ किलोंची होती. आता नवल पाहा. पुण्याची बालके सर्वच मापांत लहान होती. पण पोटातील अवयव आणि स्नायू यांत फार लहान, आणि पाठीवरील कातडीखालच्या चरबीत मात्र इंग्रज बालकांच्या जवळपास. दिसायला कृश, पण आतून चरबीयुक्त, असे हे भारतीय अर्भक २००३ साली जगापुढे आले.

मोठेपणीही हीच कथा. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःच्याच शरीरांची मापे एका वैद्यकीय नियतकालिकात छापली. उंचीच्या मानाने वजनाचा दोघांचा निर्देशांक अगदी एकच, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! म्हणूनच आपल्या लोकांसाठी २३ हा निर्देशांक, तसेच कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर, ही धोक्याची रेघ मानतात. ‘आमच्या घराण्यात कोणी लठ्ठ नाही’ हे समाधान त्यामुळे फारसे कामाचे नाही.

पुण्याच्या अभ्यासातून आणखी दोन गोष्टी पुढे आल्या. ज्या मातांच्या आहारात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा होते, त्यांची बालके मोठी जन्मली. ज्यांना गरोदरपणी जड कष्ट उपसावे लागले, त्यांची लहान. दुसरी गोष्ट ब-१२ या जीवनसत्त्वाची. सुमारे दोन-तृतीयांश मातांत त्याची उणीव होती. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते. दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून ते मिळते. ज्या मातांत ते कमी आणि फोलिक आम्ल अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. शाकाहारी घरांनी यातून शाकाहार सोडण्याचा अर्थ काढू नये. पण घरातील दूध-दही कोणाच्या वाट्याला येते, याकडे अवश्य पाहावे.

बाळसे आणि स्थलांतर

लहान जन्मलेल्या मुलाला खाऊ घालून गुटगुटीत करावे, ही प्रत्येक आजीची इच्छा. येथे दिल्लीतील अभ्यास सावध करतो. १९६९ सालापासून तेथे जन्मलेल्या मुलांची मापे नोंदली गेली होती, डॉ. संतोष भार्गव व सहकाऱ्यांनी त्यांपैकी १,४९२ जणांना तिशीच्या आसपास तपासले. ज्यांना मधुमेह वा त्याची पूर्वावस्था आढळली, ते दुसऱ्या वर्षापर्यंत कृश होते आणि त्यानंतर बाराव्या वर्षापर्यंत त्यांचा वजननिर्देशांक वेगाने चढत गेला होता. त्या वयात त्यांतील एकही लठ्ठ म्हणता आला नसता. पोषणाची निकड पहिल्या दोन वर्षांत. त्यानंतरची घाई घातक.

परिस्थितीचे बळ पाहायचे तर मॉरिशस बेटाकडे पाहावे. एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर गेलेल्या आपल्या मराठी बांधवांचे वंशज आजही तेथे आहेत. १९८७ च्या पाहणीत तेथील भारतीय, आफ्रिकी-मिश्र आणि चिनी अशा तिन्ही वंशांच्या लोकांत मधुमेहाचे प्रमाण जवळपास सारखेच, आणि पुष्कळ, आढळले. त्या काळी खुद्द चीनमध्ये मात्र तो रोग विरळ होता. वंश बदलला नाही. बदलली ती राहणी.

आता आम्ही काय करावे?

चेन्नईच्या डॉ. मोहन यांनी २००५ साली घरबसल्या करण्याजोगी एक गुणमोजणी सुचविली. वय ३५ ते ४९ असल्यास २० गुण, ५० वा अधिक असल्यास ३०. कंबर पुरुषांत ९० ते ९९ आणि स्त्रियांत ८० ते ८९ सेंटिमीटर असल्यास १०, त्याहून अधिक असल्यास २०. व्यायाम आणि कष्टाचे काम दोन्ही असल्यास शून्य, एकच असल्यास २०, दोन्ही नसल्यास ३०. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असल्यास १०, दोघांना असल्यास २०. बेरीज ६० वा अधिक आली तर रक्त तपासून घेण्यास विलंब करू नये. उपाशीपोटी साखर १२६ वा अधिक निघाली आणि दुसऱ्या तपासणीतही तसेच आढळले, तर तो मधुमेह होय.

उंबरठ्यावर असलेल्यांनी निराश होण्याचे कारण नाही. चेन्नईचेच डॉ. रामचंद्रन यांनी अशा ५३१ जणांवर केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत, काहीही न करणाऱ्यांपैकी ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. आहार सुधारून नियमित चालणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आले. इंदूरचे पोहे-जिलेबी, बेळगावचा कुंदा, ग्वाल्हेरची गजक यांना देशोधडीला लावावे, असे आम्ही म्हणत नाही. सणाचा पदार्थ सणाला राहावा, आणि एकादशीच्या नावाखाली साबुदाणा-बटाट्याची दुप्पट खाशी होऊ नये, एवढेच म्हणतो.

मात्र खरा उपाय याच्याही मागे, एका पिढीने अलीकडे आहे. मधुमेहाचा पाया पन्नाशीत नव्हे, तर आईच्या उदरात, आणि त्याआधी ती आई कुमारिका असताना घातला जातो. घरातील सर्वांची जेवणे उरकल्यावर उरलेसुरले आपल्या पानात घेणारी सून, भावाला दुधाचा पेला आणि तिला चहा मिळणारी मुलगी, ही चित्रे आपल्या समाजातून पुरती नाहीशी झाली आहेत, असे छातीठोकपणे कोण सांगेल? मुलीच्या पानावर पालेभाजी, दही आणि फळ न मागता पडावे, आणि गरोदर सुनेच्या डोक्यावरील कामाचा भार घरातील इतरांनी वाटून घ्यावा. नातवंडांना मधुमेहापासून वाचविण्याचा याहून स्वस्त मार्ग आम्हांस तरी दिसत नाही.