वसुलीची सुरुवात कर्ज उपसमितीत

सप्टेंबर संपत आला की गावोगावच्या पतसंस्था वार्षिक सर्वसाधारण सभा उरकून घेतात. मंगल कार्यालय, गुळगुळीत मुखपृष्ठाचा अहवाल, लाभांशाची घोषणा आणि मागच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर!’ महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 75 नुसार याच सभेपुढे आणखी एक पत्रक ठेवायचं असतं. संचालकांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना किती कर्ज दिलं, वर्षभरात किती फिटलं, किती थकलं याचं. ते वाचून दाखवा म्हणणारा सभासद क्वचितच उठतो. उठलाच तर जेवणाची वेळ झालेली असते.

पतसंस्थेचा मालक म्हणजे सभासद. शेअर्स कितीही असोत, मत एकच. पण ठेवीदार सभासदाला व्याज जास्त हवं असतं, कर्जदार सभासदाला कमी आणि संचालकाला निवडून यायला दोघांची मतं लागतात. त्यामुळे वसुली हा निव्वळ हिशेबाचा विषय राहत नाही. निवडणुकीच्या तोंडावर जप्तीची नोटीस टेबलावर पडून राहते ती कारकुनाच्या आळसामुळे नव्हे.

शिवाय कर्ज थकतं ते बहुतेक वेळा मंजुरीच्या दिवशीच. ‘आपला माणूस आहे’ एवढ्यावर उपसमितीची सही झाली, जामीनदाराच्या उत्पन्नाचा कागद कुणी पाहिला नाही आणि तारणाचं मूल्यांकन अर्जदाराच्या गरजेनुसार फुगलं, तर पुढे वसुली अधिकाऱ्याने काय करायचं? कायद्याने त्याला हत्यारं दिली आहेत. कलम 101 खाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला घेता येतो, मग नियम 107 नुसार जप्ती आणि लिलाव. पण गावात शेजाऱ्याच्या घराच्या लिलावात बोली लावायला कोण येतं! थकबाकीदाराला संचालक राहता येत नाही, हेही कायद्यात आहे. म्हणून तर मेहुण्याच्या नावावर कर्ज निघतं. आणखी एक पळवाट म्हणजे कर्जापुरता ‘नाममात्र सभासद’. त्याला मत नाही, सभेत आवाज नाही आणि संस्था बुडाली तर त्याचं फारसं जात नाही.

जर्मनीत एकोणिसाव्या शतकात रायफायझन यांनी ग्रामीण पतपेढ्या उभारल्या तेव्हा सभासदांची जबाबदारी अमर्यादित होती. एकाने बुडवलं तर शेजाऱ्याचं शेत धोक्यात, त्यामुळे पैसे कशासाठी घेतले आणि कुठे गेले याकडे अख्ख्या गावाचं लक्ष असे. आपल्याकडच्या 1904 च्या सहकारी पतसंस्था कायद्यानेही ग्रामीण संस्थांसाठी हेच तत्त्व घेतलं. आजच्या पतसंस्थेत सभासदाची जबाबदारी शेअर्सपुरती. धोका सरकला तो ठेवीदाराकडे, कारण बँकेतल्या 5 लाखांपर्यंतच्या ठेवींना असलेलं विमा संरक्षण पतसंस्थेतल्या ठेवींना नाही. निवृत्तीची रक्कम एक टक्का जादा व्याजासाठी तिथे ठेवणाऱ्यांना हे बहुधा ठाऊक नसतं.

पगारदारांच्या पतसंस्थांचं बरं असतं. कलम 49 नुसार हप्ता पगारातूनच कापला जातो. तिथली वसुली चोख दिसते, पण त्यावरून कारभारही चोख असेल असं धरू नये. कपात करतो तो मालक, संचालक मंडळ नव्हे.

बचत गटांची गोष्ट वेगळी. 1992 मध्ये नाबार्डने गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. अशा गटांचा पाया म्हणजे पंचसूत्री: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब. दहा-वीस बायका, सर्वांसमोर मोजलेले पैसे, सर्वांसमोर लिहिलेली वही. कारभार आणि वसुली एकाच सतरंजीवर. मात्र या नजरेचा जाचही असतो. गटाचा हप्ता चुकू नये म्हणून खासगी मायक्रोफायनान्स कंपनीचं कर्ज काढणारी बाई वहीत ‘नियमित’च दिसते.

अशीच नियमितता पतसंस्था मार्चमध्ये कमावतात. जुनं खातं बंद, त्याच माणसाला त्याच दिवशी नवं कर्ज. याला आपल्याकडे नवं-जुनं म्हणतात. थकबाकीची टक्केवारी खाली येते, ताळेबंद देखणा होतो, रोख एक रुपयाही आलेला नसतो. तेव्हा सभेत विचारायचंच असेल, तर 31 मार्चच्या थकबाकीबरोबर 30 जूनचीही विचारावी आणि मार्चमध्ये किती कर्जखाती एकाच दिवशी बंद होऊन पुन्हा उघडली, तेही.