राजगृह : एक पारिभोगिक चेतिय

मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’ हे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे निवासस्थान. १९३०च्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी ही वास्तू उभारली, ती मुख्यत्वे आपल्या ग्रंथसंग्रहासाठी. माता रमाईंनी २७ मे १९३५ रोजी येथेच अखेरचा श्वास घेतला. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांची अंत्ययात्राही येथूनच निघाली. आज तळमजल्यावर त्यांच्या वापरातील वस्तू व छायाचित्रे जतन केलेली आहेत.

वास्तूचे नाव अर्थपूर्ण आहे. पाली साहित्यातील ‘राजगह’ ही मगधाधिपती बिंबिसाराची राजधानी. वेळुवन हा संघाला मिळालेला पहिला आराम तेथलाच. भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर महाकस्सप स्थविरांच्या अध्यक्षतेखाली पहिली संगीतीही तेथेच भरली. उपाली स्थविरांनी विनयाचे आणि आनंद स्थविरांनी धम्माचे संगायन केले. बुद्धवचन जपणाऱ्या नगरीचे नाव ग्रंथांसाठी बांधलेल्या घराला शोभून दिसते.

अशा घराला धम्मदृष्ट्या कोणते स्थान द्यावे? कालिंगबोधि जातकाच्या प्रास्ताविक कथेत याचे उत्तर सापडते. भगवंत चारिकेला गेले असता जेतवनात आलेले उपासक गंधकुटीच्या दाराशी फुले ठेवून परतत. रिकाम्या निवासासमोर पूजा कशाची करावी, या प्रश्नातून चेतियांचे तीन प्रकार सांगितले गेले : शारीरिक म्हणजे अस्थिधातूंचे, पारिभोगिक म्हणजे वापरातील वस्तूंचे आणि उद्देसिक म्हणजे प्रतीकरूप. बाबासाहेबांना आपण बुद्ध मानीत नाही, ते बोधिसत्त्व होत. तथापि हे वर्गीकरण येथे मार्गदर्शक ठरते. त्यांचे मेज, खुर्ची, चष्मा या पारिभोगिक वस्तू आहेत. त्यांचे मोल त्यांनी घडविलेल्या कार्यामुळे आहे, कोणत्याही चमत्कारामुळे नव्हे.

७ जुलै २०२० रोजी राजगृहाच्या आवारात नासधूस झाली, तेव्हा समाज संतप्त झाला. तो संताप रास्तच होता. परंतु वास्तूचे रक्षण हा कर्तव्याचा अर्धा भाग झाला. महापरिनिब्बान सुत्तात भगवंत आनंदाला सांगतात की, फुलांनी केलेली पूजा ही तथागताची श्रेष्ठ पूजा नव्हे. धम्मानुसार आचरण करणाराच खरी पूजा करतो. व्यक्तिपूजेचा धोका बाबासाहेबांनीही १९४३ साली रानडे यांच्यावरील व्याख्यानात स्पष्ट केला होता.

म्हणून राजगृहाला वंदन करणाऱ्या उपासक-उपासिकांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा : ज्या घराची उभारणी ग्रंथांसाठी झाली, तेथे जाऊन आलेल्या माझ्या घरात वाचन सुरू आहे काय?