कामाच्या ठिकाणचे तंटे : अहमदाबादचा धडा

कार्यालय असो, शाळा असो वा ग्रामपंचायत, जेथे अनेकांनी मिळून काम करावयाचे असते तेथे मतभेद व्हावयाचेच. ते मिटविताना एका पक्षाला मान खाली घालावी लागली, तर वरवर शांतता दिसते. परस्परविश्वास मात्र परत येत नाही. या दृष्टीने अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा १९१८ चा लढा अभ्यासनीय आहे.

प्लेगच्या साथीत कामगारांनी शहर सोडू नये म्हणून मालक जादा भत्ता देत असत. साथ ओसरताच तो बंद करण्याचे ठरले; महागाई मात्र कायम होती. कामगारांनी ५० टक्के वाढ मागितली, मालकांनी २० टक्के देऊ केली. वाद लवादाकडे सोपविला गेला. पण निर्णयापूर्वीच काही गिरण्यांत कामगारांनी काम थांबविले. ही आपल्या बाजूची चूक असल्याचे महात्मा गांधींनी मान्य केले. तरीही फेब्रुवारीत टाळेबंदी झाली. परिस्थितीचा अभ्यास करून गांधीजींनी ३५ टक्के वाढ रास्त ठरविली आणि कामगारांनी तिच्यासाठी प्रतिज्ञा घेतली. मालकांचे नेते अंबालाल साराभाई होते, तर त्यांच्या भगिनी अनसूयाबेन कामगारांच्या बाजूने उभ्या होत्या. विरोध तीव्र होता, तरी बोलणे तुटले नाही.

गांधीजींच्या उपवासानंतर १८ मार्च रोजी तडजोड झाली. पहिल्या दिवशी ३५ टक्के वाढ द्यावयाची, म्हणजे कामगारांची प्रतिज्ञा राहिली; दुसऱ्या दिवशी २० टक्के, म्हणजे मालकांचा शब्द राहिला. तिसऱ्या दिवसापासून लवादाच्या निर्णयापर्यंत साडेसत्तावीस टक्के. उभयपक्षी मान्य असलेले आनंदशंकर ध्रुव लवाद झाले. त्यांनी ऑगस्टमध्ये ३५ टक्क्यांचा निवाडा दिला. पुढे १९२० मध्ये मजूर महाजन स्थापन झाले आणि वाद लवादापुढे नेण्याची प्रथा तेथे रुजली.

शाळेतील तासिकांची वाटणी असो वा कार्यालयातील कामाची, हीच रीत उपयोगी पडते. प्रमुखाने दोन्ही बाजू ऐकून घ्याव्यात, वस्तुस्थिती आकड्यांनिशी कागदावर आणावी आणि आपल्या बाजूची चूक प्रथम कबूल करावी. निर्णय लांबणार असेल तर तोपर्यंतची व्यवस्था ठरवून द्यावी. स्वतः प्रमुखच वादातील एक पक्ष असेल, तर निवाडा उभयतांना मान्य अशा तिसऱ्या व्यक्तीकडे सोपवावा. निवाडा झाल्यावर तो सर्वांना सारखाच लागू करावा. विश्वास पुन्हा जमतो तो या पाळलेल्या शब्दावरच.