टेकडी, सायकल आणि ब्रेकचे विज्ञान

पुण्यात सायकलवरून डोंगराची वाट धरायला फार लांब जावे लागत नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, तर शहराच्या मधोमध असलेल्या वेताळ टेकडीचा माथा सुमारे ८०० मीटरवर. कोथरूड, पाषाण किंवा सेनापती बापट रस्ता, यांपैकी कुठूनही निघाले तरी थोड्याच वेळात डांबर संपते आणि चाकाखाली मुरूम येतो. जाड टायरची सायकल घेऊन टेकडीवर जाणाऱ्यांना व्यायामाचा मोठा लाभ होतो, यात शंका नाही. पण टेकडीवर दोन गोष्टी नाजूक असतात : चालवणाऱ्याची हाडे आणि टेकडीची माती. दोन्हींची खुशाली बरीचशी एकाच सवयीवर अवलंबून असते, ती म्हणजे ब्रेक लावण्याच्या पद्धतीवर.

चढावर हृदय, उतारावर सारे शरीर

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा. टेकडीचा चढ सायकलवरून चढणे हे दुसऱ्या प्रकारात मोडते. डोंगरी सायकलच्या स्पर्धांमध्ये खेळाडूंच्या हृदयाचे ठोके सरासरी कमाल पातळीच्या ९० टक्क्यांच्या आसपास राहतात, असे मोजमापांत दिसले आहे. हौशी माणसाने तिथवर जाण्याची गरज नाही. चढावर दोन-चार शब्दांपलीकडे बोलता येत नसेल, तर व्यायाम जोरकस झाला असे समजावे. चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. छातीत दडपण आले किंवा चक्कर आली, तर तिथेच उतरावे.

उतारावर पाय थांबतात, म्हणून विश्रांती मिळते असा समज आहे. प्रत्यक्षात उतारावरही ठोके बरेच वाढलेले राहतात. सीटवरून किंचित उठून उभे राहिल्यामुळे मांड्या, कंबर आणि पोटाचे स्नायू सतत ताणलेले असतात. हँडल घट्ट धरल्याने हाताच्या स्नायूंना उसंत मिळत नाही. हेच हादरे हाडांच्या दृष्टीने मात्र उपयोगी ठरू शकतात. केवळ डांबरी रस्त्यावर लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्या खेळाडूंच्या कण्याच्या हाडांची घनता कमी असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे, कारण शरीराचा भार सीट वाहते आणि हाडांवर आघात होत नाहीत. डोंगरी सायकल चालवणाऱ्यांमध्ये ही घनता तुलनेने बरी आढळली आहे.

या हादऱ्यांची दुसरी बाजूही आहे. तळहातावर सतत दाब येऊन करंगळी आणि अनामिका बधिर होणे ही सायकलस्वारांची जुनी तक्रार आहे. मनगटाजवळून जाणारी मज्जातंतू दाबली जाते, म्हणून हे होते. पकड सैल करणे, हाताची जागा बदलत राहणे आणि गादीचे हातमोजे वापरणे हे त्यावरचे साधे उपाय. बधिरपणा उतरून आल्यावरही टिकला, तर डॉक्टरांना दाखवावे.

चाक फिरते तोवर

डोंगरी सायकलचा इतिहासच ब्रेकशी जोडलेला आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातील काही तरुण जुन्या, जड सायकली घेऊन डोंगरावरून सुसाट उतरू लागले. १९७६ मध्ये तिथे सुरू झालेल्या एका शर्यतीचे नाव होते ‘रिपॅक’. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे आणि पेडल उलटे दाबले की तो लागे. एका उतारात तो इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होई आणि हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. नाव त्यावरूनच पडले. पुढे ब्रेक सुधारले आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. घर्षणाचे नियम मात्र तेच राहिले.

फिरत्या चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी जमिनीच्या तुलनेत स्थिर असतो, म्हणून चाकाची पकड टिकते. ब्रेक एकदम दाबून चाक अडकवले की टायर घसरू लागतो. घसरतानाचे घर्षण स्थिर घर्षणापेक्षा कमी असते. म्हणजे थांबायला अंतर जास्त लागते आणि तोलही जातो. त्यात पुण्याच्या टेकड्यांवर पक्क्या बेसॉल्टवर मुरमाचे सुटे खडे पसरलेले असतात. चाकाखाली ते बेअरिंगमधल्या छऱ्यांसारखे काम करतात.

पुढचे चाक अडकले तर स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. अशा वेळी हात आपोआप पुढे जातो आणि मनगट, खांदा किंवा गळ्याजवळचे हाड मोडते. म्हणून वळणाच्या आधी, सरळ वाटेवरच वेग कमी करावा. दोन्ही ब्रेक हळूहळू, एकेका बोटाने दाबावेत आणि अंगाचा भार मागे व खाली न्यावा. जाड टायरमध्ये हवा रस्त्यावरच्या सायकलपेक्षा बरीच कमी ठेवली, तर टायरचा जास्त भाग जमिनीला टेकतो आणि पकड वाढते. हेल्मेट तर हवेच. एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट बदलावे, कारण आतला फोम दबला की पुढचा आघात तो झेलू शकत नाही.

ओरखडा आणि ओघळ

या टेकड्यांचा बेसॉल्ट लाव्हापासून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तयार झाला. त्यावर मातीचा थर मात्र पातळ आहे आणि गवताची मुळे तो धरून ठेवतात. अडकलेले चाक ही मुळे खरवडते आणि उताराच्या दिशेने सरळ चर पाडते. पुण्यात वर्षाकाठी साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात. पावसाचे पाणी तयार चरातूनच धावते, चराचा ओघळ होतो आणि माती खाली जाते.

दोष एकट्या सायकलचा नाही. अमेरिकेतील मोंटाना राज्यात झालेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाऊलवाटेवरची माती चाकांपेक्षा माणसांच्या पायांनी आणि घोड्यांच्या टापांनी अधिक सुटी झाल्याचे आढळले. ओल्या वाटेवर हा फरक जास्त स्पष्ट होता. म्हणजे ओल्या टेकडीला जपण्याची जबाबदारी चालणाऱ्यांचीही आहे. सायकलस्वाराने त्यात आणखी तीन गोष्टी पाळाव्यात. पावसानंतर वाट वाळेपर्यंत थांबावे. रुळलेली वाट सोडून नवी काढू नये, कारण टिटवी आणि चंडोल यांसारखे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. आणि चाक घसरवल्याशिवाय उतरता येत नसेल, तिथे उतरून सायकल हातात धरून चालावे.

उतार पाहून वाट निवडावी

नवख्यांनी खडकवासल्याहून पानशेतकडे जाणाऱ्या रस्त्यापासून सुरुवात करावी. रस्ता डांबरी आहे, चढ-उतार सौम्य आहेत आणि गिअर बदलण्याचा सराव होतो. पुढची पायरी बोपदेव घाटाची. कोंढव्याकडून घाट चढून गेल्यावर कानिफनाथाच्या परिसरात मोकळा माळ आणि कच्च्या वाटा लागतात. घाटात वाहनांची वर्दळ असते, म्हणून सकाळी लवकर निघावे आणि सायकलला पुढे-मागे दिवा लावावा.

वेताळ टेकडीचा माथा रुंद आणि बऱ्यापैकी सपाट आहे, पण कडेच्या वाटा तीव्र उताराच्या आणि सुट्या खड्यांच्या आहेत. सकाळ-संध्याकाळ तिथे चालायला येणाऱ्यांत ज्येष्ठ नागरिक मोठ्या संख्येने असतात. सत्तरीतल्या माणसाचे खुब्याचे हाड मोडले, तर त्याचे चालणे कायमचे अडू शकते. त्यामुळे समोर माणूस दिसताच वेग चालण्याइतका करावा, लांबूनच घंटी वाजवावी आणि वाट त्याला द्यावी. गर्दीच्या वेळा टाळलेल्या उत्तम. वन विभागाची जमीन असलेल्या टेकड्यांवर प्रवेशाचे फलक वाचावेत. सायकलला मनाई असेल, तर तो विषय तिथेच संपतो.

सिंहगड सुमारे १,३०० मीटर उंच. घाटरस्ता डांबरी असला तरी चढ दमवणारा आहे आणि उतार ब्रेकची खरी परीक्षा घेणारा. सतत दाबून धरलेला ब्रेक तापतो आणि त्याची पकड कमी होते. म्हणून तो थोडा वेळ लावावा, थोडा वेळ सोडावा. निघण्यापूर्वी ब्रेकचे पॅड झिजलेले नाहीत ना, हे पाहावे. पावसाळ्यात दरडी आणि धुके असल्याने हा घाट टाळलेलाच बरा. कात्रज ते सिंहगड ही डोंगररांगेवरची वाट पदभ्रमण करणाऱ्यांची आहे. तिथले एकामागून एक येणारे उभे चढ-उतार पाहता हौशी सायकलस्वाराने तिच्या वाटेला जाऊ नये.

यातली कोणतीही वाट निवडली तरी सोबत एक जोडीदार, भरपूर पाणी, पंप आणि जादा ट्यूब असावी, कारण बाभळीचा काटा जाड टायरलाही दाद देत नाही. आठवड्यातून दोनदा तासभर अशी सायकल चालवली, तर जोरकस व्यायामाचे बरेचसे उद्दिष्ट पुरे होते. उतरून आल्यावर मागे एकदा नजर टाकावी. मुरमावर टायरच्या नक्षीचा ठसा उमटला असेल, तर चाक फिरत आले. लांब ओरखडा दिसला, तर पुढच्या खेपेला ब्रेक आणखी आधी आणि आणखी हळू लावायला हवा.