चाकं बदलायची की कसून घ्यायची?

पन्नास-साठ हजारांची पहिली रोड बाइक घेतली की दोन-तीन महिन्यांतच माणसाला चाकं बदलायची खाज सुटते. फ्रेम बरी असते, शिमानो क्लॅरिसचे आठ गिअर मुकाट पडतात, ब्रेक लागतात. मग नाव ठेवायला उरतात ती चाकं. ती जड असतात हे खरंच आहे. या किमतीच्या सायकलीची जोडी टायर-ट्यूब सोडूनही दोन किलोच्या आसपास किंवा पुढे भरते, आणि वीस-पंचवीस हजार मोजले तर त्यातला अर्धा किलो कमी करता येतो.

पुण्यातल्या एका पेठेत माझं नेहमीचं सायकलचं दुकान आहे. तिथे परवा आलेला तरुण मोबाइलवर कार्बनच्या चाकांचा फोटो उघडूनच आला होता. सायकल रिम ब्रेकची, नवी कोरी, पावसाळा अजून न पाहिलेली. ‘काका, ही बसतील का हिला?’ काकांनी फोटो पाहिला, सायकल पाहिली आणि मागचं चाक काढून स्टँडवर चढवलं. ‘बसतील की. आधी आहेत ती नीट बसलीत का बघू.’

चाक फिरलं. रिम एका जागी स्टँडच्या टोकाला दर फेऱ्यात चाटून जात होती. म्हणजे आउट होता, पण मिलिमीटरभर. एवढा कुणालाही दिसतो. काकांचं लक्ष तारांकडे होतं. त्यांनी एकेक तार नखाने छेडली. एका बाजूच्या सगळ्या तारांचा सूर साधारण एक लागायला हवा. इथे एक खणखणीत वाजली, तिच्या शेजारची भद्द. स्वस्त चाकं यंत्रावर भराभर कसली जातात आणि रिम सरळ दिसली की काम संपतं. पण एक तार जास्त ओढते, दुसरी कमी, आणि तरीही बेरीज सरळ येऊ शकते. रस्त्यावर ही तडजोड फार दिवस चालत नाही. चाक फिरताना जमिनीकडे आलेली तार दर फेऱ्यात थोडी सैल होते आणि वर जाताना पुन्हा ताणली जाते. मुळातच ढिली असेल तर ती खाली येताच पार सैल पडते, तिचं निपल हळूहळू सुटत जातं, आणि हबच्या भोकापाशी जिथे तार वाकलेली असते तिथे ती थकून तुटते.

मागच्या चाकात तर दोन बाजू सारख्या नसतातच. कॅसेटला जागा करून द्यायची म्हणून उजव्या तारा उभ्या येतात, डाव्या तिरक्या. उजवीकडे शंभर-सव्वाशे किलोचा ताण असेल तर डावीकडे जेमतेम निम्मा राहतो. उजवीकडे कसर सोडली की डावीकडच्या तारांना जवळपास कामच उरत नाही. या सायकलीत नेमकं तेच झालं होतं.

पुढचं काम बघायला धीर लागतो. प्रत्येक निपलच्या आट्यांत तेलाचा थेंब. मग पान्याने पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. कसताना तार स्वतःभोवती पिळली जाते, म्हणून काका पान्याला हवं त्याहून थोडं पुढे नेतात आणि तेवढंच मागे आणतात. हे न करणाऱ्याचं चाक स्टँडवर सरळ दिसतं आणि पहिल्या किलोमीटरभरात कट्‌कट्‌ वाजत पीळ सोडून पुन्हा वाकडं होतं. शेवटी त्यांनी समांतर तारांच्या जोड्या दोन्ही मुठींत धरून करकचून आवळल्या, चाकभर. तार घडवताना आणि बसवताना तिच्या कोपरात अडकून राहिलेला ताण त्याने उतरतो. जोब्स्ट ब्रँट या अमेरिकी अभियंत्याने 1981 च्या ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात याचं कारण समजावलं आहे. काकांनी हे त्यांच्या उस्तादाकडून उचललं, आणि उस्तादाने कारण सांगितलं नव्हतं.

मग हब. अ‍ॅक्सल दोन बोटांत धरून फिरवला तर खरखर लागली. छर्रे चांगले, ग्रीस होतं, फक्त कोन आवळून ठेवलेले. पंधरा नंबरचा पातळ पाना लावून कोन किंचित सैल केला, अगदी जाणवेल न जाणवेल इतकी चाल ठेवून. क्विक रिलीज आवळला की अ‍ॅक्सल दाबला जातो आणि ती चाल नाहीशी होते.

हे सगळं चालू असताना मुलगा अर्ध्या किलोवर अडून होता. सिंहगड चढताना फरक पडेल ना? पडेल, पण हिशेब करून पाहावा. माणूस, सायकल, पाण्याच्या बाटल्या मिळून पंचाऐंशी किलो धरले तर अर्धा किलो म्हणजे अर्ध्या टक्क्याहून जरासा जास्त. तासाभराच्या चढाला वीसेक सेकंद. फिरतं वजन दुप्पट लागतं असं लोक सांगतात, ते फक्त वेग वाढवताना, आणि तेही रिमच्या काठावरच्या वजनापुरतं. एका लयीत घाट चढताना ते इतर वजनासारखंच. खोल रिमचा वाऱ्यातला फायदा खरा आहे, पण त्यावर वाचणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. चाळीसच्या वेगाला जे मिळतं त्याचा चौथा हिस्सा पंचवीसच्या वेगाला. आणि लांब घाट उतरताना रिम ब्रेकने कार्बन किती तापतो, ते फोटोत दिसत नाही.

माझा स्वतःचा आक्षेप आणखी व्यवहारी आहे. त्या मुलाची पुढची सायकल बहुधा डिस्क ब्रेकची असेल, कारण बाजार तिकडे वळला आहे. रिम ब्रेकचा मागचा हब 130 मिलिमीटरचा, डिस्कचा सहसा 142, तोही थ्रू अ‍ॅक्सलवाला. आज घेतलेली महाग चाकं तिथे चढणार नाहीत. शिवाय हलक्या चाकात वीस-चोवीस तारा असतात. त्यातली एक साताऱ्याच्या पुढे तुटली तर रिम ब्रेकला घासायला लागते, आणि तसली सरळ, चपटी तार हायवेवरच्या दुकानात सापडायची नाही. बत्तीस साध्या तारांच्या चाकातली एक गेली तरी ब्रेक जरा सैल करून घर गाठता येतं. साडेतेरा तासांच्या मुदतीत दोनशे किलोमीटरची बीआरएम करणाऱ्याला हे वीस सेकंदांपेक्षा मोलाचं वाटतं.

पैसे खर्च करायचेच असतील तर टायरवर करावेत. सायकलीबरोबर आलेले तारेच्या कडेचे जाड टायर काढून कॉन्टिनेंटलच्या ग्रां प्री पाच हजारसारखे मऊ टायर घातले की फरक पहिल्याच पॅडलला कळतो. पंचवीसऐवजी अठ्ठावीस मिलिमीटरचे बसत असतील तर तेच घ्यावेत. हवेचं तर विचारूच नका. साठ-पासष्ट किलोचा हा मुलगा एकशे दहा पीएसआय भरून खड्ड्यांतून हाडं खिळखिळी करत हिंडत होता. अठ्ठावीसच्या टायरला त्याच्या वजनासाठी सत्तर-पंचाहत्तर पुरे.

चाकं बदलायची वेळही येतेच. दोन-तीन पावसाळ्यांत वाळू-चिखलाने ब्रेक घासून घासून रिमची भिंत आत वाकते, किंवा कसूनही हबपाशी तार पुन्हा पुन्हा तुटते, तेव्हा काका स्वतःच ‘नवी घे’ म्हणतात.

‘पण काका, कार्बनची दिसतात भारी,’ मुलगा शेवटी म्हणाला.

‘दिसतात ना. मग दिसण्यासाठी घे. घाटासाठी घेतो म्हणू नकोस.’

टायरची ऑर्डर देऊन तो गेला. काकांनी दोन्ही चाकं कसण्याचे काहीशे रुपये घेतले आणि दोनेकशे किलोमीटर झाले की सायकल पुन्हा आणायला सांगितलं, कारण तोवर तारा रुळतात आणि ताण थोडा उतरलेला असतो.